उरलेली तेवीस मिनिटं

एकशे ऐंशी किलोमीटर जायला विमानाला पन्नास मिनिटं का लागावीत, या प्रश्नाने नियंत्रकसाहेबांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. तिकीट मंगळवारी हातात पडलं, जायचं शुक्रवारी होतं. मधल्या दिवसांत त्यांचा हा प्रश्न बायकोला विचारून झाला, शेजाऱ्यांना विचारून झाला, आणि पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही विचारून झाला. तो बिचारा आकडा न लिहिताच निघून गेला.

नियंत्रकसाहेब तेहेतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, समोर मोठं रजिस्टर, आणि त्यात चार रकाने: सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, झालेला उशीर, उशिराचं कारण. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण रकाने काही सुटले नाहीत. शर्टाच्या खिशात एक लहान वही असते, आणि स्वतःचा प्रवास झाला की त्या वहीत हेच चार रकाने भरले जातात. असा हा हिशेबी माणूस. त्याच्या डोळ्यांदेखत कोणी तेवीस मिनिटं गायब केली तर त्याला घास कसा जाणार?

तेवीसचा आकडा काढला तो शेजारच्या मोजणीदारांनी. त्यांचा जन्म जमिनी मोजण्यात गेला. त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, इकडच्या विमानतळावर शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक धरलं, तिकडच्यावर दुसरं, आणि दोरा पट्टीला लावून म्हणाले, "एकशे ऐंशी. एक किलोमीटर इकडे नाही, एक तिकडे नाही."

"आणि वेग?"

"लहान विमान आहे. ताशी चारशे धरा. म्हणजे सत्तावीस मिनिटं."

"तिकिटावर पन्नास लिहिलंय."

मोजणीदारांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. "तेवीस मिनिटं जास्त आहेत," ते म्हणाले, आणि दोरा गुंडाळून खिशात घालत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "वरती करतात काय एवढा वेळ?"

ते आपले सहज बोलून घरी गेले. पण शेजारी जे सहज बोलतो ते आपल्या डोक्यात घर करून राहतं. रात्री अंथरुणात नियंत्रकसाहेबांना तेच ऐकू येत राहिलं.

आता बसने का गेले नाहीत, असं कोणी विचारेल. रस्त्याने तेच अंतर तीनशे चाळीस भरतं, कारण मध्ये डोंगर आहे, आणि डोंगरापलीकडचा पूल गेल्या महिन्यात दुरुस्तीला घेतला होता. वळसा धरून अकरा तास. आणि आदल्या रात्री निघालं तरी पुलावर काम चाललंय तिथे गाड्या किती वेळ अडवतात याचा भरवसा नाही. उशीर या वेळी परवडणारच नव्हता. शुक्रवारी दुपारी बारा वाजता ताईचं पोटाचं ऑपरेशन होतं.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, शिक्षा केली. तिच्या पोटात गाठ निघाली होती. कसली ते बाहेर काढल्यावरच कळणार होतं. भाच्याने फोन करून सगळं सांगितलं आणि मग फोन तिच्या हातात दिला.

"जमलं तर ये," ताई म्हणाली.

"येतो ना. बाराच्या आत पोचतो."

"आत नेण्याआधी एकदा बघितलं असतं तुला. नाही जमलं तरी मी काही बोलणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या वेळीही बोलले नव्हते."

मागच्या वेळी म्हणजे चार वर्षांपूर्वी, मेहुणे गेले तेव्हा. नियंत्रकसाहेब पोहोचले तेव्हा लोक स्मशानातून परत येत होते. चाळीस मिनिटांचा उशीर. जन्मभर दुसऱ्यांचा उशीर लाल शाईने लिहिलेला माणूस पायऱ्यांवर चपला काढत उभा राहिला, आणि ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बोलली काही नाही. तेव्हापासून दोघांचं फोनवर बोलणं तब्येत, पाऊसपाणी आणि भाज्यांचे भाव यापलीकडे गेलं नव्हतं. खिशातल्या वहीत त्या प्रवासाची ओळ होती. तीन रकाने भरलेले होते. उशिराचं कारण कोरं होतं. तशी बस वेळेवर सुटली होती, वाटेत कुठे बिघडली नव्हती. मग लिहायचं काय?

तर आता विमान. जागा एकच शिल्लक होती, म्हणून त्यांना एकट्यालाच जायचं होतं. विमानात ते कधी बसले नव्हते. वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाई एकदा बसल्या होत्या, आणि तेवढ्या भांडवलावर त्या गेली सहा वर्षं सल्ला देत होत्या.

"कमरेचा पट्टा काढायला लावतात," बाई म्हणाल्या. "पँट सैल असेल तर बघा बाई."

"सैलच आहे," बायको म्हणाली. "गेल्या तीन दिवसांत आणखी झालीय."

"मग नाडी घाला."

"आणि कानात दडे बसतात," बाईच पुढे म्हणाल्या. "सारखं गिळत राहायचं."

"काय गिळायचं?" नियंत्रकसाहेबांनी विचारलं.

"काही नाही. नुसतं गिळायचं."

बायकोने संध्याकाळी पँटीला आतून नाडी ओवली आणि निवृत्त वाहतूक नियंत्रक आरशासमोर उभे राहून नुसतं गिळण्याचा सराव करू लागले.

इथे त्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. त्या घरात खरी वेळ कोणी कोणाला सांगत नसे. नोकरीत असल्यापासून नियंत्रकसाहेब बायकोला गाडीची वेळ अर्धा तास आधीची सांगत. बायकोला ते कळलं, म्हणून ती मनातल्या मनात अर्धा तास वजा करी. ते यांना कळलं, म्हणून यांनी पाऊण तास केला. तिने मग स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावलं. मुलगी या घरात वाढली, तेव्हा तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. तिने तिकीट काढून दिलं आणि बजावलं, "विमान नऊ दहाचं आहे, पण तुम्ही साडेआठचं आहे असं समजा." बायकोने ते आठचं समजलं. टॅक्सीवाल्याला तिने सातचं सांगितलं. टॅक्सीवालाही संसारी माणूस होता. त्याने आपल्या मनाने आणखी थोडं जोडलं असणार, कारण शुक्रवारी पहाटे तो सांगितल्यापेक्षा वीस मिनिटं आधीच येऊन हॉर्न वाजवत होता.

या सगळ्या गोंधळात नियंत्रकसाहेबांचा विश्वास एका वस्तूवर होता. निवृत्तीच्या दिवशी आगारातल्या लोकांनी दिलेलं चावीचं गजराचं घड्याळ. ते त्यांच्या कपाटात कुलपात असे, म्हणजे बायकोचा हात लागायला नको. रोज सकाळी चावी द्यायची आणि रेडिओवरच्या वेळेशी ताडून बघायचं. मंगळवारपासून मात्र तेवीस मिनिटांच्या नादात ताडून बघायचं राहिलं होतं. इस्पितळात निदान एक खरं घड्याळ हवं म्हणून त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

विमानतळावर पोहोचले तेव्हा दिवे नव्हते. एक लोखंडी फाटक, त्याला साखळी, आणि आत खुर्चीवर मफलर गुंडाळलेला पहारेकरी.

"विमानतळ उघडायचाय अजून," पहारेकरी बसल्या जागेवरून म्हणाला.

"विमानतळ बंद असतो?" नियंत्रकसाहेबांना हे नवीन होतं. बसस्थानक कधी बंद झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"दिवसाला एक विमान. त्याच्यासाठी साडेसातला उघडतो. तुम्ही पहिल्यांदा चाललाय वाटतं."

"कशावरून?"

"पहिल्यांदाचे सगळे याच वेळेला येतात." त्याने मोबाइल बघितला. "पाच वाजून पाच."

नियंत्रकसाहेबांनी टॉवेल सोडून घड्याळ बाहेर काढलं. साडेपाच. त्यांनी पहारेकऱ्याकडे दयेने बघितलं. "तुमचा मोबाइल पंचवीस मिनिटं मागे आहे."

"मोबाइल मागे राहत नाही, काका."

मग त्यांनी टॅक्सीतलं घड्याळ बघितलं. पाच वाजून सहा मिनिटं. मग वळून बायकोकडे बघितलं. बायको फाटकाच्या गंजाकडे बघत होती.

"कपाटाची किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे?"

"संसाराला बेचाळीस वर्षं झाली," बायको म्हणाली.

"याला पण हात लावलास? हे एकच खरं होतं घरात."

"तेहेतीस वर्षं तुम्ही लोकांच्या गाड्या सोडल्यात," ती म्हणाली. "तुम्हाला कोण सोडणार? आणि आज उशीर झाला असता तर पुढची चार वर्षं पुन्हा तोंड पाडून बसला असता. ते मला बघायचं नव्हतं."

नियंत्रकसाहेब फाटकाशेजारच्या सिमेंटच्या बाकावर बसले आणि काटे पंचवीस मिनिटं मागे घेऊ लागले. जरा वेळाने बायको शेजारी येऊन बसली. टॅक्सीवाला गाडीत झोपला. अडीच तास तिघांनी त्या विमानतळाची राखण केली. पहारेकरी तेवढ्यात दोनदा डुलकी काढून आला.

साडेसातला साखळी निघाली. आत एकच खोली, एकच खिडकी, आणि खिडकीशेजारी धान्याच्या दुकानात असतो तसला मोठा वजनकाटा. खिडकीमागच्या बाईंनी पिशवीचं वजन केलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही उभे राहा."

"मी?"

"विमान एकोणीस जणांचं आहे. वजन बघून जागा द्यावी लागते."

नियंत्रकसाहेब काट्यावर चढले. मागे आता सात-आठ माणसं जमली होती, चांगले कपडे केलेली. त्यांनी श्वास आत घेतला. श्वासाने वजन कमी होत नाही हे त्यांना माहीत होतं, पण घेतला.

"एकोणऐंशी," बाईंनी मोठ्याने वाचलं. "पुढे बसा. पहिली रांग."

बायकोने फाटकातून हात हलवला आणि गेली. जाताना तिने एकदा नाडीच्या दिशेने खूण केली. ती पाचसहा जणांनी पाहिली.

तपासणीच्या टेबलावर एक गणवेशातला माणूस होता. त्याने पिशवीला कान लावला, मग सोबत्याला बोलावलं. त्यानेही कान लावला. डॉक्टरांनी एकमेकांचं मत घ्यावं तसं चाललं होतं.

"आत काय वाजतंय?"

"घड्याळ आहे."

"बॅटरी काढा."

"बॅटरी नाही. चावीचं आहे."

"मग बंद करा."

"बंद करायला त्याला कळ नाही. चावी संपली की थांबतं. उद्या सकाळपर्यंत आहे."

दोघांनी विचार केला. नेमका त्याच क्षणी गजर वाजला. बायकोने तो आठचा लावून ठेवला होता, म्हणजे विमान चुकू नये. गजर आपल्या आगारातल्या जोमाने वाजत राहिला. मागच्या रांगेतला एक गृहस्थ शिस्तीत भिंतीकडे सरकला.

अखेर नियंत्रकसाहेबांनीच मागचं झाकण उघडलं. खिशातून जुनं बसचं तिकीट काढलं, त्याची घडी केली आणि आतल्या फिरत्या चाकात अडकवली. टिकटिक थांबली. सात वर्षांत पहिल्यांदा थांबली. त्यांना उगाच वाटलं की आजच्या दिवशी असं काही आपल्या हाताने थांबवायला नको होतं. ते नुसतं गिळत राहिले. निदान बाईंचा सल्ला कामाला आला.

नऊ वाजले, नऊ दहा झाले. विमान आलं नाही. नियंत्रकसाहेब खिडकीशी गेले.

"पलीकडे धुकं आहे," बाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटांत येईल."

पंधरा मिनिटांनी ते पुन्हा गेले.

"निघालंय तिकडून. पंधरा मिनिटं."

तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाईंनी मान वर न करता म्हटलं, "बसा तुम्ही. आलं की सांगते ना."

हे वाक्य नियंत्रकसाहेबांचं होतं. शब्द न शब्द. जाळीमागून मान वर न करता तेहेतीस वर्षं त्यांनी हेच सांगितलं होतं. गाडी कुठे आहे याची सुतराम कल्पना नसताना सांगितलं होतं, बाळंतिणीला सांगितलं होतं, परीक्षेला निघालेल्या पोरांना सांगितलं होतं. त्यातलं कोणी आज इथे असलं तर बरं झालं म्हणेल, असं वाटून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि मुकाट्याने जाऊन बसले.

विमान सुटलं दहा पन्नासला. बाराला सत्तर मिनिटं होती. पन्नास वरती, उरली वीस.

पहिल्या रांगेतून चालकाची जागा सरळ दिसत होती, मध्ये दार नव्हतं. वैमानिक बाई होत्या, त्यांच्या मुलीच्या वयाच्या. आता विचारायला हवं होतं: सरळ रेषेनेच नेताय ना? पण नियंत्रकसाहेबांचा नियम आडवा आला. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. ही पाटी त्यांनी स्वतः प्रत्येक बसमध्ये लावून घेतली होती आणि बोलणाऱ्याला खाली उतरवलं होतं. ते ओठ घट्ट मिटून बसले.

त्यांनी मनात दोरा ताणला. दोरा सरळ डोंगरावरून जात होता. विमान मात्र डोंगर आला तसं वळलं आणि बाजूने जाऊ लागलं. मोजणीदार असते तर उतरून गेले असते. पुढे खाली एक पांढरी पाण्याची टाकी दिसली, तिच्या कठड्यावर कोणीतरी निळ्या काठाची चादर वाळत घातली होती. थोड्या वेळाने आणखी एक टाकी दिसली, तिच्यावरही चादर. तिसऱ्या टाकीवरच्या चादरीलाही तसाच निळा काठ बघून त्यांनी खिडकीला नाक लावलं. टाकी एकच होती. विमान गोल फिरत होतं.

चाकं टेकली, विमान थांबलं, पंखे थांबले. तेव्हा नियंत्रकसाहेब उठले आणि उभ्यानेच विचारलं, "बाई, अंतर एकशे ऐंशी. तुमचा वेग चारशे. सत्तावीस मिनिटांचा प्रवास. पन्नास कसे लिहिता, आणि वर अडुसष्ट कसे लावता?"

वैमानिक बाईंनी कानावरचं काढलं. "धावपट्टीवर कुत्री होती, ती हाकलेपर्यंत फिरत होतो. ते अठरा."

"आणि आधीचे तेवीस?"

"जमिनीवर चालायला थोडी जातात, वर चढायला जातात, डोंगराला वळसा आहे." त्या जरा हसल्या. "आणि दहा मिनिटं आम्ही वरची सांगतो, काका. रोजच काहीतरी होतं. जास्त सांगितलं की वेळेवर पोचता येतं."

"तुम्हीसुद्धा?" नियंत्रकसाहेब म्हणाले.

बाहेर उन्हात एक पाटी होती. शहर अडतीस किलोमीटर. नकाशावर मोजणीदारांनी दोऱ्याचं टोक विमानतळावर टेकवलं होतं. माणसं विमानतळावर राहत नाहीत, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. एक व्हॅन उभी होती. भरल्याशिवाय ती निघणार नव्हती, आणि भरेपर्यंत बारा वीस झाले.

वाटेत त्यांनी भाच्याला फोन लावला.

"मामा, इथे बोलता येत नाही," भाचा कुजबुजला, "तुम्ही या," आणि फोन ठेवला.

तुम्ही या म्हणजे काय? या, वाट बघतोय? की या, आता काय उपयोग? आवाज रडवेला होता की नुसता हळू? व्हॅनमध्ये माणसं हवापाण्याचं बोलत होती. नियंत्रकसाहेबांनी वही काढली आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. सुटण्याची वेळ, दहा पन्नास. पोहोचण्याची वेळ लिहायला हात उठेना. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत थांबलेलं घड्याळ. एवढी वर्षं उशीर हा त्यांना एक रकाना वाटत आला होता. तो अंगावर किती जड असतो, हे काट्यावर उभं राहून कळत नाही.

इस्पितळात शिरले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. जिना चढताना नाडी सुटली. एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने पिशवी धरून ते दुसऱ्या मजल्यावर पोहोचले. बारा नंबरची खोली. दार उघडं, पलंग रिकामा, चादर नुकतीच ओढून काढलेली.

ते दाराच्या चौकटीला टेकले. आत गेले नाहीत.

"धाकट्या," मागून आवाज आला. "पँट सावर आधी."

व्हरांड्याच्या टोकाला खिडकीपाशी बाकावर ताई बसली होती. अंगात इस्पितळाचा हिरवा झगा, केस विंचरून घट्ट वेणी घातलेली, हातात चष्म्याची पेटी. शेजारी भाचा उभा होता आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

"चादर बदलतायत, म्हणून इथे बसवलं," ती म्हणाली.

"बारा वाजून गेले," नियंत्रकसाहेबांना एवढंच बोलता आलं.

"ऑपरेशन दोनला आहे."

"हा बारा म्हणाला."

"मीच सांगायला लावलं," ताई म्हणाली. "दोन सांगितले असते तर तू आता कुठे असतास?"

नियंत्रकसाहेब बाकावर बसले. भाचा म्हणाला, "मामा, फोनवर सांगणारच होतो, पण आईने हात धरला."

"लहानपणापासून तुला मी आधीचीच वेळ सांगत आले," ताई म्हणाली. "शाळा अकराची असली तर साडेदहा सांगायची, म्हणून तू अकराला वर्गात असायचास. कधी चुकले नाही." ती चष्म्याची पेटी उघडझाप करू लागली. "एकदाच चुकले. हे गेले त्या दिवशी. तू फोनवर विचारलंस किती वाजता नेणार, आणि माझ्या तोंडून खरी वेळ निघाली. भानच नव्हतं. तू पायऱ्यांवर दिसलास तेव्हा घड्याळ बघितलं मी, आणि मनात म्हटलं, हे काय करून बसले."

"मला वाटलं, मला दाखवायला बघितलंस."

"तुला कशाला दाखवू? तुझा काय संबंध त्यात?" ती जरा चिडूनच म्हणाली. "चार वर्षं फोन केलास की भाज्यांचे भाव विचारतोस. मला वाटलं, तू रागावलायस."

मग नियंत्रकसाहेबांनी पिशवीतून घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं आणि तिकिटाची घडी ओढली. चाक एकदा अडखळलं आणि फिरू लागलं.

"किती वाजले, ताई?"

तिने भाच्याच्या मनगटाकडे पाहिलं. "दीड."

त्यांनी काटे दीडवर लावले. यातून किती वजा करायचं असतं, ते त्यांनी विचारलं नाही.

दोन वाजता नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर तीनला येतात, आम्ही पेशंटला दोन सांगतो. ताईने नियंत्रकसाहेबांकडे बघितलं. नियंत्रकसाहेबांनी ताईकडे बघितलं. त्या तासात त्यांनी तिला वजनकाटा सांगितला, गजर सांगितला, चादरीची टाकी सांगितली. टाके पडायच्या आधीच पोट दुखवू नकोस, असं ती दोनदा म्हणाली.

तीन वाजून पाच मिनिटांनी तिला आत नेलं. दारापाशी तिने त्यांचा हात सोडला आणि चष्म्याची पेटी त्यांच्या हातात दिली.

"किती वेळ लागेल?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"तीन तास."

दार बंद झालं. वरचा लाल दिवा लागला. नियंत्रकसाहेबांनी बाकावर घड्याळ ठेवलं आणि वही काढली. चार वर्षांपूर्वीची ओळ शोधली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं: खरी वेळ सांगितली गेली. मग बायकोला फोन केला.

"आत नेलं. पाच तास लागतील म्हणाले."

"बरं," पलीकडून आवाज आला. बायको हिशेब करत असावी. "म्हणजे तीन. बसा शांत. काहीतरी खाऊन घ्या. नाडी बांधलीत का?"

त्यांनी बांधली. मग ते दाराकडे बघत बसले. डॉक्टरही घरात कोणाचे तरी भाऊ असतील, कोणाचे नवरे असतील, त्यांनीही तीन तास सांगताना वरचे काही जोडले असतील, एवढ्या एका आशेवर ते मिनिटं मोजत राहिले. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी लाल दिवा विझला. दार उघडलं, आणि डॉक्टर तोंडावरचं फडकं खाली ओढत हसत बाहेर आले.

नियंत्रकसाहेबांनी वहीत ऑपरेशनची नवी ओळ भरायला घेतली. अपेक्षित तीन तास, लागले दोन तास वीस. उशिराच्या रकान्यात काय लिहावं ते त्यांना कळेना. चाळीस मिनिटं आधी पोहोचलेली गाडी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या समोर येऊन उभी राहत होती.